क्ष-किरण चित्रातील हाड आणि रुग्णाची वेदना : खुब्याच्या सांधेरोपणानंतरच्या दाहशामक औषधोपचाराची चिकित्सा

गोषवारा

खुब्याच्या सांधेरोपण शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंत व मऊ ऊतींत नको तेथे हाड तयार होते. हे टाळण्यासाठी स्टेरॉइडरहित दाहशामक औषधे देण्याची प्रथा १९७० च्या दशकापासून रूढ होत गेली. क्ष-किरण चित्रात या औषधांचा गुण स्पष्टपणे दिसतो. मात्र २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत चित्रातील हाड कमी होऊनही रुग्णाच्या वेदनेत वा हालचालीत फरक आढळला नाही. उलट रक्तस्रावाचा धोका वाढल्याचे दिसले. प्रस्तुत लेखात या संशोधनपरंपरेची चिकित्सा केली असून, उपचाराचे यश कोणत्या मापाने मोजावे या व्यापक प्रश्नाच्या संदर्भात तिचे मूल्यमापन केले आहे.

बीजशब्द : खुब्याचे सांधेरोपण, अस्थानी अस्थिभवन, दाहशामक औषधे, आयबुप्रोफेन, यादृच्छिक चाचणी, पर्यायी निर्देशक.

१. प्रस्तावना

मोडलेले हाड जुळते ते नवे हाड तयार होऊनच. शरीराची ही क्षमता उपकारक आहे. परंतु जेथे हाडाचे काही काम नाही अशा ठिकाणी, म्हणजे स्नायूंत, स्नायूंच्या आवरणांत किंवा सांध्याच्या वेष्टनाभोवती, ती कार्यान्वित झाली तर तीच उपद्रवकारक ठरते. गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भास ज्या अर्थाने ‘अस्थानी गर्भधारणा’ म्हटले जाते, त्याच अर्थाने या प्रक्रियेस ‘अस्थानी अस्थिभवन’ म्हणता येईल.

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा लहान गोलक आणि उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनची वाटी वापरून खुब्याच्या सांधेरोपणाची नवी पद्धत सुरू केली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. वर्षानुवर्षे वेदनेने जखडलेली माणसे तिच्यामुळे पुन्हा चालू लागली. अस्थानी अस्थिभवन ही या यशस्वी शस्त्रक्रियेच्या मागून येणारी एक गुंतागुंत होय. अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांचे एकत्रीकरण करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार खुब्याच्या मोठ्या नियोजित शस्त्रक्रियांनंतर सुमारे ४३ टक्के रुग्णांत कमीअधिक प्रमाणात असे हाड दिसते. तीव्र स्वरूपाचे हाड मात्र सुमारे ९ टक्के रुग्णांतच आढळते.

या दोन आकड्यांमधील अंतर ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. बहुतेक रुग्णांत हे हाड दिसते, पण जाणवत नाही. थोड्यांच्या बाबतीत मात्र ते सांध्याची हालचाल रोखते आणि क्वचित सांधा पूर्णपणे जखडून टाकते. या दोन्ही अवस्थांना एकच नाव आणि एकच उपचार देण्यातून जो पेच निर्माण झाला, तो प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. प्रतिबंधक उपचारामागील विचार

अस्थानी हाड कसे तयार होते याविषयीचे आकलन १९६० व १९७० च्या दशकांत आकारास आले. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवून दिले की, खनिजद्रव्ये काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवल्यास त्या ठिकाणी नवे हाड तयार होते. हाडातच अस्थिनिर्मितीस चालना देणारे काही द्रव्य असते, हा त्या प्रयोगाचा गाभा होता. पुढे या द्रव्यांना अस्थिजनक प्रथिने म्हणून ओळख मिळाली. चाल्मर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली या प्रक्रियेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : चालना देणारे द्रव्य, अस्थिपेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या मूळ पेशी आणि त्या रूपांतरास अनुकूल परिसर. खुब्याच्या शस्त्रक्रियेत हे तिन्ही घटक एकत्र येतात. हाड कापले व कोरले जाते, त्याचा चुरा व मज्जा आसपास पसरते, स्नायूंना इजा होते आणि जखमेत दाह निर्माण होतो.

दाहाच्या या टप्प्यावरच औषधाचा संबंध येतो. अॅस्पिरिन व तत्सम औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली सिद्ध केले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९८२ साली बर्गस्ट्रॉम व सॅम्युएल्सन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोस्टाग्लँडिन दाह वाढवतात, त्याचप्रमाणे मूळ पेशींच्या अस्थिपेशींतील रूपांतरासही साहाय्य करतात. त्यामुळे त्यांची निर्मिती सुरुवातीलाच रोखल्यास अस्थानी हाडाचे बीजच रुजणार नाही, असा तर्क पुढे आला. रूपांतराची ही प्रक्रिया शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सुरू होत असल्याने औषधही लवकर देणे क्रमप्राप्त ठरले. चित्रात हाड दिसू लागते ते काही आठवड्यांनंतर, आणि त्यावेळी प्रतिबंधाची संधी निघून गेलेली असते.

नॉर्वेतील निरीक्षणांतून १९७० च्या दशकाच्या मध्यास इंडोमेथॅसिनचा हा गुण प्रथम लक्षात आला. पुढील दशकात डेन्मार्क, अमेरिका व अन्य देशांतील अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला. दिवसातून तीन वेळा २५ मिलिग्रॅम याप्रमाणे सहा आठवडे इंडोमेथॅसिन, हा त्या काळातील परिचित आकृतिबंध होय. पुढे मात्रा कमी, कालावधी थोडा आणि औषध अधिक सुसह्य असावे अशा शोधातून आयबुप्रोफेनसारखी औषधे पुढे आली.

प्रत्येक आकर्षक तर्क व्यवहारात टिकतोच असे नाही, याचे उदाहरण याच क्षेत्रात उपलब्ध आहे. एटिड्रोनेट हे औषध हाडात खनिज साठू देत नाही. म्हणून तेही प्रतिबंधासाठी वापरले गेले. परंतु ते केवळ खनिजीकरण लांबवत होते. हाडाचा सेंद्रिय साचा तयार होतच राहिला आणि औषध थांबवताच त्यात खनिज साठू लागले. औषध चालू असतानाचे स्वच्छ चित्र फसवे होते. हा धडा पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

३. मोजमापाचे साधन आणि त्याच्या मर्यादा

अस्थानी हाडाच्या तीव्रतेचे वर्गीकरण ब्रुकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली मांडले. ते आजही वापरात आहे. त्यात चार प्रती कल्पिलेल्या आहेत. पहिल्या प्रतीत मऊ ऊतींमध्ये हाडाची सुटी बेटे दिसतात. दुसऱ्या प्रतीत ओटीपोटाच्या किंवा मांडीच्या हाडातून टोके फुटलेली असतात, पण समोरासमोरच्या पृष्ठभागांत किमान १ सेंटिमीटर अंतर असते. तिसऱ्या प्रतीत हे अंतर १ सेंटिमीटरहून कमी होते. चौथ्या प्रतीत दोन्ही बाजू जुळून सांधा जखडल्यासारखा दिसतो.

हे वर्गीकरण सोपे आहे, आणि सोपेपणा हेच त्याच्या लोकप्रियतेचे कारण आहे. परंतु त्याच्या दोन मर्यादा दुर्लक्षिता येत नाहीत. पहिली मर्यादा साधनाची. समोरून घेतलेल्या एका सपाट चित्रावर ते आधारलेले आहे. सांध्याच्या पुढे असलेले हाड आणि मागे असलेले हाड या चित्रात एकमेकांवर येतात. त्यामुळे प्रत्यक्षात मोकळी असलेली जागाही बंद भासू शकते. ‘जखडल्यासारखा दिसतो’ आणि ‘जखडलेला आहे’ या दोन विधानांत रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

दुसरी मर्यादा वापराची. अनेक अभ्यासांत या चार प्रतींची दोनच भागांत विभागणी केली जाते : हाड आहे आणि हाड नाही. अशा मांडणीत स्नायूतील तांदळाएवढे अस्थिबेट आणि मांडी हलू न देणारा अस्थिसेतू यांना सारखेच वजन मिळते. पहिल्या प्रतीचे रुग्ण संख्येने पुष्कळ असल्याने औषधाच्या गुणाचा आकडा प्रामुख्याने त्यांच्यावरच उभा राहतो. ज्यांना मुळात त्रासच झाला नसता अशा रुग्णांतील सुधारणा ‘यश’ म्हणून नोंदवली जाते.

४. २००४ चा आढावा : उत्तराच्या आड राहिलेला प्रश्न

या विषयावरील चाचण्यांचा पद्धतशीर आढावा मार्लीन फ्रॅन्सन आणि ब्रूस नील यांनी घेतला. तो २००४ साली कॉक्रेन ग्रंथालयात प्रसिद्ध झाला. त्यात १८ चाचण्यांतील एकूण ४,७६३ रुग्णांचा समावेश होता. मध्यम ते उच्च मात्रेतील दाहशामक औषधांनी अस्थानी हाडाचा धोका ५९ टक्क्यांनी घटतो (९५ टक्के विश्वास-अंतराल ५४ ते ६४), असा त्याचा ठळक निष्कर्ष होता. अल्प मात्रेतील अॅस्पिरिनचा मात्र काहीच परिणाम आढळला नाही. औषध सरसकट दिल्यास दर शंभर शस्त्रक्रियांमागे १५ ते २० रुग्णांतील अस्थानी हाड टळू शकेल, असा अंदाज त्यात वर्तवला होता.

केवळ हे आकडे वाचणारा वाचक प्रश्न सुटला असेच म्हणेल. आढाव्याच्या कर्त्यांनी तसे म्हटले नाही, हे त्यांचे मोठे श्रेय. चाचण्याचाचण्यांतील परिणामांत बरीच तफावत असून तिचे कारण सापडत नाही, हे त्यांनी नोंदवले. पचनसंस्थेच्या तक्रारी वाढण्याकडे कल आहे, हेही नोंदवले. सर्वांत महत्त्वाची नोंद अशी की, शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घकालीन वेदना, दैनंदिन हालचाली व सांध्याची लवचिकता यांविषयीची माहिती इतकी तुटपुंजी होती की तिचे एकत्रित विश्लेषणच करता आले नाही.

साडेचार हजारांहून अधिक रुग्ण, दोन दशकांहून अधिक काळ आणि अनेक देशांतील रुग्णालये एवढा व्याप झाल्यानंतरही रुग्ण सुखाने चालू लागला का, या साध्या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध नव्हते. चित्रे तपासली गेली, प्रती ठरवल्या गेल्या. परंतु ज्याच्यासाठी हे सर्व केले त्याचे म्हणणे पुरेशा पद्धतशीरपणे नोंदवलेच गेले नाही. हे वैगुण्य एखाद्या संशोधकाचे नव्हे, तर संपूर्ण परंपरेचे आहे. चित्र ठरावीक काळानंतर काढता येते, जपून ठेवता येते आणि ते कोणत्या गटातील आहे हे न कळता तपासता येते. वेदना मात्र विचारावी लागते, आणि विचारणे हे चित्र काढण्याहून कष्टाचे काम आहे.

५. २००६ ची चाचणी

ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने फ्रॅन्सन, नील व त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेली ‘हिपेड’ ही चाचणी २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २० अस्थिशल्य केंद्रांतील ९०२ रुग्ण तिच्यात सहभागी झाले. एका गटास शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत सुरू करून १४ दिवस दररोज १,२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन देण्यात आले. दुसऱ्या गटास प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देण्यात आली.

या चाचणीचे वेगळेपण तिच्या आकारापेक्षा तिच्या मुख्य प्रश्नात आहे. सहा ते बारा महिन्यांनंतर रुग्णाने स्वतः सांगितलेली खुब्याची वेदना आणि शारीरिक क्षमता, हे तिचे प्रमुख माप होते. त्यासाठी ‘वोमॅक’ ही कॅनडातील दोन विद्यापीठांच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली वापरली गेली. तिच्यातील २४ प्रश्नांत वेदनेचे ५, ताठरपणाचे २ आणि जिने चढणे, खुर्चीतून उठणे, मोजे घालणे अशा दैनंदिन क्रियांचे १७ प्रश्न असतात. क्ष-किरण चित्रही काढले गेले, पण त्यास दुय्यम स्थान होते.

निष्कर्ष तीन वाक्यांत सांगता येतात. औषध घेतलेल्या गटात अस्थानी हाडाचा सापेक्ष धोका ०.६९ (अंतराल ०.५६ ते ०.८३) होता, म्हणजे हाड सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. वेदना व क्षमता या दोन्ही बाबतींत गटांतील सरासरी फरक केवळ -०.१ (अंतराल -०.४ ते ०.२) इतकाच, म्हणजे व्यवहारतः शून्य होता. रुग्णालयातील वास्तव्यात मोठ्या रक्तस्रावाचा धोका मात्र औषधाच्या गटात दुपटीच्या आसपास, २.०९ (अंतराल १.०० ते ४.३९), आढळला.

औषधाने त्याच्याकडून अपेक्षित असलेले जैविक कार्य केले. हाड खरोखरच कमी झाले. तरीही रुग्णाच्या पदरात सरासरीने काही पडले नाही. हाड आणि दुःख यांच्यात गृहीत धरलेला दुवा बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत मुळातच कच्चा होता, असाच याचा अर्थ निघतो. सरसकट प्रतिबंधक उपचाराचे समर्थन या पुराव्यातून होत नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

६. चाचणीचे परीक्षण

प्रचलित समजुतीस धक्का देणारी चाचणीही त्याच कसोट्यांवर तपासली पाहिजे. या चाचणीविषयी चार मुद्दे उपस्थित होतात.

पहिला मुद्दा मात्रेचा. १,२०० मिलिग्रॅम ही आयबुप्रोफेनची मध्यम मात्रा आहे. पूर्वीच्या आढाव्यातील ५९ टक्के घट आणि येथील ३१ टक्के घट यांतील तफावत त्यामुळे असू शकेल. परंतु तिचे दुसरे स्पष्टीकरणही संभवते. लहान चाचण्यांतील अनुकूल निष्कर्ष अधिक सहजपणे प्रसिद्ध होतात आणि मोठी, काटेकोर चाचणी झाली की परिणामाचा आकडा आकसतो, हा वैद्यकीय संशोधनातील वारंवार येणारा अनुभव आहे. शिवाय मात्रा वाढवल्यास रक्तस्रावाची चिंताही वाढते. तेव्हा अधिक मात्रेचा आग्रह हा निर्दोष पर्याय ठरत नाही.

दुसरा मुद्दा रक्तस्रावाच्या आकड्याचा. त्याच्या अंतरालाची खालची मर्यादा नेमकी १.०० वर टेकते. केवळ संख्याशास्त्राच्या आधारे हा धोका निःसंशय सिद्ध झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि त्यास भक्कम जैविक आधार आहे. आयबुप्रोफेन रक्तातील बिंबाणूंच्या एकत्र येण्यात अडथळा आणते आणि याच काळात रुग्णास रक्ताच्या गुठळ्या टाळण्याची औषधेही चालू असतात. ज्याचा लाभ सिद्ध झालेला नाही अशा उपचाराच्या बाबतीत धोक्याचा संशयदेखील पुरेसा वजनदार मानावा लागतो. पुराव्याचे ओझे उपचार सुचवणाऱ्यावर असते, रुग्णावर नव्हे.

तिसरा मुद्दा कालावधीचा. सहा ते बारा महिन्यांत अस्थानी हाड बहुधा पक्व होते. त्यामुळे हाड मोजण्यास हा काळ योग्य आहे. परंतु दाहशामक औषधांचा कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसण्यावर काय परिणाम होतो, हे एवढ्यात कळत नाही. स्वीडनमध्ये १४४ रुग्णांवर झालेल्या आयबुप्रोफेनच्या एका जुन्या चाचणीचा दहा वर्षांनंतरचा पाठपुरावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध घेतलेल्यांत सांधा सैल झाल्यामुळे कराव्या लागलेल्या पुनर्शस्त्रक्रिया अधिक दिसल्या. संख्या लहान असल्याने तो शेवटचा शब्द ठरत नाही; पण नको असलेले हाड रोखणारे औषध हव्या असलेल्या हाडास अभय देईलच असे नाही, याची जाणीव त्यातून होते. याच जाणिवेस अमेरिकेतील २००३ च्या एका अभ्यासाने पुष्टी दिली. खुब्याच्या वाटीच्या अस्थिभंगासोबत हातापायांच्या लांब हाडांचेही अस्थिभंग असलेल्या रुग्णांत, इंडोमेथॅसिन घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांत लांब हाडे जुळली नाहीत. ते न घेतलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. सरासरी ही सर्वांची मिळून एक असते. रुग्ण मात्र तसे नसतात. सुमारे नऊ टक्क्यांना तीव्र हाडाचा धोका असेल, तर त्यांना झालेला लाभ उरलेल्या एक्क्याण्णव टक्क्यांच्या ‘काहीच फरक नाही’ यात बुडून जाऊ शकतो. ‘हिपेड’ चाचणीने ‘सर्वांना द्यावे काय?’ या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर दिले. ‘कोणालाच देऊ नये काय?’ हा प्रश्न तिने विचारलेला नव्हता. या दोन प्रश्नांची गल्लत केल्यास चाचणीचा समर्थकही तिच्यावर अन्यायच करील.

७. पर्यायी निर्देशकांचा व्यापक प्रश्न

हाडाच्याच क्षेत्रातील आणखी एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. हाडे ठिसूळ झालेल्या २०२ रजोनिवृत्त स्त्रियांवर झालेल्या सोडियम फ्लोराइडच्या चाचणीचे निष्कर्ष रिग्ज व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केले. चार वर्षांत कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. एवढी वाढ पाहून कोणीही औषध यशस्वी ठरवले असते. पण मणक्यांचे नवे अस्थिभंग लक्षणीय प्रमाणात कमी झाले नाहीत, आणि इतर हाडांचे अस्थिभंग वाढले. हाड दाट झाले, मजबूत झाले नाही.

फ्लोराइडच्या प्रकरणात हाड वाढले म्हणून आनंद झाला. आयबुप्रोफेनच्या प्रकरणात हाड घटले म्हणून. दोन्ही ठिकाणी मोजण्यास सोयीची गोष्ट मोजली गेली आणि ती मूळ गोष्टीची प्रतिनिधी आहे असे गृहीत धरले गेले. प्रतिनिधीची निवड सोयीने झाली की तो मूळ पक्षकाराचे हित सांभाळील याची शाश्वती राहत नाही. विद्यार्थ्याचे आकलन गुणांवरून, ग्रंथाचे मोल आवृत्त्यांवरून आणि संशोधकाची योग्यता निबंधांच्या संख्येवरून ठरवणाऱ्या कोणत्याही ज्ञानशाखेस हा धोका अपरिचित नाही. वैद्यकात मात्र त्याची किंमत रुग्णाच्या शरीराला मोजावी लागते.

यावरील एक उपाय म्हणजे मुख्य माप आधीच जाहीर करणे. भारतात वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि औषध नियंत्रकांच्या अखत्यारीतील चाचण्यांसाठी २००९ पासून नोंदणी अनिवार्य झाली. चाचणी सुरू होण्यापूर्वीच काय मोजणार हे लिहून द्यावे लागत असल्याने नंतर सोयीचे माप पुढे करण्यास आळा बसतो. परंतु मुळातच चित्रास प्रमुख माप ठरवणाऱ्या संशोधकास कोणतीही नोंदवही अडवू शकत नाही. तेथे प्रश्न नियमाचा नसून दृष्टीचा आहे.

८. निवडक वापराची दिशा

अस्थानी हाडाचा धोका सर्वांना सारखा नसतो, हे दीर्घकाळापासून ज्ञात आहे. एका खुब्यात असे हाड पूर्वी झालेले असेल, तर दुसऱ्या खुब्यासही मोठा धोका असतो. पुरुष, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे रुग्ण, सांध्याभोवती मुळातच भरपूर अस्थिवाढ असलेले संधिवाताचे रुग्ण आणि पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या व्यक्ती यांच्यात त्याचे प्रमाण अधिक असते. अशा निवडक रुग्णांत प्रतिबंधक उपचाराचा विचार करणे ‘हिपेड’च्या निष्कर्षांशी विसंगत नाही.

त्यांच्यासाठी किरणोपचाराचाही पर्याय आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील कॉव्हेंट्री व स्कॅनलन यांनी १९८१ साली तो मांडला. सुरुवातीस २० ग्रे मात्रा दहा हप्त्यांत दिली जाई. पुढे ७ ते ८ ग्रेची एकच मात्रा पुरेशी असल्याचे दिसून आले. २००४ च्या एका एकत्रित विश्लेषणात तिसऱ्या व चौथ्या प्रतीचे हाड रोखण्यात किरणोपचार औषधांहून किंचित सरस दिसला, पण प्रत्यक्ष फरक सुमारे १.२ टक्क्यांचाच होता. त्यास लागणारी यंत्रणा व खर्च पाहता पोटातील व्रण, मूत्रपिंडाचे विकार इत्यादी कारणांनी दाहशामक औषधे ज्यांना चालत नाहीत, अशांसाठी तो प्रामुख्याने उपयुक्त ठरतो.

भारतीय संदर्भात आणखी एक विचार आवश्यक आहे. पाश्चात्त्य देशांत खुब्याचे सांधेरोपण मुख्यतः उतारवयातील सांध्यांच्या झिजेसाठी होते. भारतात मांडीच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा खंडित होऊन झालेला ऱ्हास हे त्याचे एक प्रमुख कारण आहे आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसने खुबे जखडलेले तरुण रुग्णही येथे शस्त्रक्रियेस येतात. ऑस्ट्रेलियातील सरासरी येथील रुग्णसमूहास जशीच्या तशी लावणे त्यामुळे युक्त नाही. त्याचबरोबर वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणून घेण्याची सवय येथे सर्वत्र आढळते. रुग्णाने आधीच काय घेतले आहे याची चौकशी न करता त्यात दोन आठवड्यांच्या औषधाची भर घालणे धोक्याचे ठरू शकते.

गेल्या काही वर्षांत प्रश्नाचे स्वरूपही काहीसे बदलले आहे. अफूजन्य औषधांची गरज कमी करण्यासाठी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनात दाहशामक औषधांचा समावेश आता अनेक ठिकाणी केला जातो. डेन्मार्कमधील ५५६ रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन एकत्र दिल्यास पहिल्या २४ तासांतील मॉर्फिनची गरज केवळ पॅरासिटामॉलच्या तुलनेत घटल्याचे दिसले. अशा वेळी अस्थानी हाडास होणारा प्रतिबंध हा आनुषंगिक लाभ ठरतो. परंतु येथे औषध देण्याचे कारण रुग्णाची आजची वेदना हे आहे, सहा महिन्यांनंतरचे चित्र नव्हे. कारण बदलले की मात्रा, कालावधी आणि थांबण्याची वेळ हे सर्व बदलते. म्हणून ते कारण कागदावर स्पष्ट लिहिलेले असावे.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. दाहशामक औषधे अस्थानी हाड कमी करतात, हे निर्विवाद आहे. ते हाड बहुसंख्य रुग्णांच्या दुःखाचे कारण नसते. म्हणून ते कमी केल्याने बहुसंख्यांचे दुःख कमी होत नाही. सरसकट उपचारातील संभाव्य हानी प्रत्येकाच्या वाट्यास येऊ शकते, लाभ मात्र थोड्यांनाच संभवतो. अशा स्थितीत मोठा धोका असलेल्या रुग्णांची नेमकी निवड आणि त्यांच्यासाठी वेदना व हालचाल हेच मुख्य माप मानणाऱ्या स्वतंत्र चाचण्या, ही संशोधनाची पुढील दिशा असली पाहिजे.

‘हिपेड’ चाचणीचे महत्त्व तिने दिलेल्या नकारात नाही. क्ष-किरण चित्राला तीस वर्षे विचारला गेलेला प्रश्न तिने रुग्णाला विचारला, यात ते आहे. उत्तर अपेक्षेहून वेगळे आले, कारण पूर्वी ज्याला उत्तर मानले जात होते ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते.